प्राणिसंग्रहालयात हरणांच्या आवारापाशी भेटलेल्या कीपर दादांना

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशीच्या गर्दीत तुम्हाला रोज किती चेहरे दिसत असतील, त्यामुळे आम्ही दोघं लक्षात राहिलो असू असं काही मी धरून चालत नाही. माझ्या दंडाला धरून चालणारे काका आणि अखंड बडबडणारी काकू, एवढी खूण पुरली तर ठीक. नाही पुरली तरी पत्र तुमचंच आहे. ते असं चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते तुमच्या ड्यूटीच्या कागदावर कुठेही नसणार आणि ते तुमच्या साहेबांच्याही कानावर जायला हवं.

ह्यांना काचबिंदू आहे. बघणाऱ्याला कळतही नाही, कारण डोळे स्वच्छ दिसतात, वर्तमानपत्र वाचता येतं, समोरच्याचा चेहरा ओळखू येतो. गेली आहे ती कडेची नजर. नळीतून बघावं तेवढंच जग उरलं आहे. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे, डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवायचा आणि उरलेली सांभाळायची. प्राणी बघायची हौस मात्र जशीच्या तशी आहे. म्हणून मी ह्यांना घेऊन आले. मला स्वतःला पिंजऱ्यांचं फारसं प्रेम नाही, हे तुम्हाला पुढे कळलंच.

हरणांच्या आवारापाशीच आमचं अडलं. एवढं मोठं गवताळ मैदान, मध्ये झाडं, पलीकडे पाणी. जमलेली माणसं ‘तो बघा, तो बघा’ म्हणून बोटं दाखवत होती आणि ह्यांना बोटंच दिसत नव्हती. नजर गवतावरून सरकत सरकत तिथवर पोचेपर्यंत हरीण उठून दुसरीकडे गेलेलं असायचं. कार्ल हागेनबेकने 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक खणून प्राण्यांना मोकळं ठेवायची पद्धत रूढ केली, हे ह्यांनीच मला गाडीत वाचून दाखवलं होतं. प्राण्यांचं त्यात भलंच झालं. ह्यांची मात्र पंचाईत. जुन्या अरुंद पिंजऱ्यात ह्यांना प्राणी एका नजरेत सापडला असता!

मी नेहमीप्रमाणे वर्णन करायला लागले. मोठं आहे, शिंगं अशी अशी आहेत, आता कान हलवला. हे मान डोलवत होते. तुम्ही घमेलं घेऊन मागून चालला होतात, थांबलात, आणि मला म्हणालात, ‘काकू, तुम्ही सांगू नका. काकांना शोधू द्या.’

मग ती घड्याळाची युक्ती. ‘काका, समोर घड्याळ आडवं ठेवलंय असं धरा. तुम्ही सहावर उभे आहात. बारावर ते वाळलेलं झाड. सापडलं? आता दहावर या, सावकाश. खाली या. सावलीत.’ आणि हे एकदम म्हणाले, ‘दोन आहेत! एक बसलंय.’ बसलेलं दुसरं मला दिसलं नव्हतं. झाड सापडल्याशिवाय तुम्ही पुढे गेला नाहीत, हे मी बघून ठेवलं. आधी न हलणारी खूण पक्की करायची, मग तिथून नजर न्यायची. डोळ्यांच्या दवाखान्यात इतक्या खेपा घातल्या, पण ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आता रस्त्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये, स्टेशनावर, सगळीकडे आमचं घड्याळ चालू असतं.

तुम्ही तेवढ्यावर जाऊ शकला असता. पण ‘धनेशाला खायला घालायची वेळ झालीय, येता का?’ असं विचारलंत. धनेश म्हणजे तो अवजड चोचीचा मोठा पक्षी, हॉर्नबिल. तिथे तर ह्यांनी मलाच हरवलं. आम्ही जाळीपाशी उभे होतो, वर काही दिसत नव्हतं, आणि हे म्हणाले, ‘आला.’ डोक्यावरून फस्स, फस्स असा जड आवाज गेला आणि पाठोपाठ पक्षी येऊन फांदीवर बसला. तुम्ही सांगितलंत की या पक्ष्याच्या पंखाखाली इतर पक्ष्यांसारखी झाकणारी पिसं पुरेशी नसतात, मोठ्या पिसांच्या मुळांमधून हवा जाते, म्हणून पंख वाजतात. मी डोळे वर लावून बसले होते, ह्यांचे कान आधीच कामाला लागले होते.

लाल डोळ्याचा तो नर. मादीचा डोळा पांढरट असतो, पण ती दिसणार नव्हती, कारण ती लाकडी पेटीच्या आत होती आणि पेटीचं तोंड तिने लिंपून घेतलं होतं. मधे बोटभर फट. अंडी घालून पिल्लू जरा मोठं होईपर्यंत ती आत, आणि खायला आणून द्यायचं ते नराने. रानातल्या ढोलीतही हे असंच चालतं. तुम्ही जाळीजवळच्या ताटलीत फळं ठेवलीत आणि ह्यांना अगदी पुढे उभं केलंत. नराने चोचीच्या टोकात एक फळ पकडलं, मान झटकून हवेत उडवलं आणि घशात घेतलं. जीभ आखूड असल्यामुळे टोकातलं फळ तिला आत ओढता येत नाही, म्हणून हा खटाटोप. चारपाच फळं तशी घशात साठवून तो पेटीकडे गेला, आणि एकेक परत वर काढून फटीतून आत देत राहिला. आतून चोचीचं टोक यायचं, फळ घ्यायचं, जायचं. एवढ्या अवजड चोचीने इतकं नेमकं काम! पापण्यांना लांब केस असतात, तेही ह्यांना दिसले. नळीएवढ्या नजरेत एक फट आणि एक चोच अगदी नेमकी मावत होती.

मी मध्येच विचारलं, नराला काही झालं तर? तुम्ही सरळ सांगितलंत, घरटं बहुतेक वाया जातं. गोड करून सांगितलं नाहीत, ते मला आवडलं.

माहितीकेंद्राची किल्ली मागून आणलीत त्याबद्दल तर वेगळे आभार. जिराफाच्या मानेचा एक मणका तुम्ही ह्यांच्या हातात दिलात, वीतभराहून मोठा. ‘मानेत असे किती असतील?’ हे म्हणाले, पंधरा-वीस. सात. आपल्याही मानेत सातच. हे मग एका हातात तो मणका धरून दुसऱ्या हाताने स्वतःच्या मानेमागे चाचपत बसले. हत्तीची दाढ तशीच, वरच्या कडा बोटांनी मोजत. हत्तीला जन्मात दाढांचे सहा संच येतात, मागून पुढे सरकत, आणि शेवटचा झिजला की चावणं संपलं, हे ऐकल्यावर हे बराच वेळ गप्प होते. वाघाच्या पंजाचा प्लास्टरचा ठसा हातात आला तेव्हा कुठे पुन्हा बोलायला लागले.

आता अस्वलाबद्दल. ते मोठ्या आवारात एकाच कडेने येरझाऱ्या घालत होतं, ठराविक ठिकाणी मान फिरवून वळत होतं, गवतात त्याची वाट पडली होती. मी जरा तोडूनच विचारलं, की याला वेड लागलंय का? तुम्ही रागावला नाहीत. सर्कशीच्या छोट्या पिंजऱ्यात वाढलेलं आहे, म्हणालात, तिथे वळायला जेवढी जागा होती तेवढ्यातच अजून वळतं. जागा मोठी झाली तरी सवय सुटत नाही. म्हणून तुम्ही त्याचं खाणं ओंडक्यांच्या भोकांत लपवता, रोज नव्या ठिकाणी, शोधण्यात तरी वेळ जावा म्हणून. कधी कधी अर्धा दिवस येरझाऱ्या नसतात, कधी काही उपयोग होत नाही.

मग हे तुमच्या बाजूने बोलायला लागले. अरेबियन ओरिक्सचं, म्हणजे वाळवंटातल्या त्या लांब शिंगांच्या हरणासारख्या प्राण्याचं, उदाहरण काढलं. रानातला शेवटचा 1972 च्या सुमारास मारला गेला, पण 1963 पासून अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात थोडे जमवून वाढवले होते, म्हणून 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडता आले. मला ते पटतं. पण त्या अस्वलाला ओरिक्सचा काय उपयोग? तुम्ही म्हणालात, ‘काही नाही, काकू.’ आमच्या दोघांच्या वादात इतकं प्रामाणिक वाक्य बऱ्याच दिवसांत कुणी टाकलेलं नव्हतं. पिंजऱ्यांबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही. तुमच्याबद्दलचं मात्र पक्कं झालं.

साहेबांना एक विनंती. खायला घालायच्या वेळा आणि कोणता प्राणी कुठे, एवढं फाटकाशीच मोठ्या अक्षरांत लिहून लावा. मणका, दाढ, ठसा ही कपाटातली मंडळी रोज तासभर तरी बाहेर टेबलावर असू द्या, हात लावायची परवानगी देऊन. ह्यांच्यासारखी माणसं येतात, नुसती दिसत नाहीत.

आणि दादा, धनेशाची मादी बाहेर आली की तेवढं कळवा. हे रोज विचारतात. मी फोन करून चौकशी करणार होते, पण ‘कामाच्या वेळी त्यांना त्रास नको’ म्हणून ह्यांनीच अडवलं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच विचारलं.

तुमच्या,
काकू (आणि काका, सहावर उभे)