आई, शेगडी अंगणातच राहू दे

स्विंडन, इंग्लंड
१४ डिसेंबर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर बाळ पाहिलं आणि रात्रभर ते डोळ्यांसमोरून हललं नाही. कपाळ थेट बाबांचं. धाकटी दमलेली दिसली, तिला पोटभर जेवू दे, झोपू दे. पण आई, तिच्या खाटेखाली मला शेगडी दिसली. खिडकीच्या काचा बंद, दारही ओढलेलं. फोनवर बोलले असते तर तू "बरं बरं" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून लिहायला बसले. दादाकडून दोनदा वाचून घे.

तू म्हणशील, तुम्हा सगळ्यांची बाळंतपणं शेगडीवरच झाली. झाली, पण ती जुन्या घरात. वर मंगळुरी कौलं, खोल्यांच्या भिंती आढ्यापर्यंत पोचतच नव्हत्या. आजी धुरी द्यायची तेव्हा ओव्याचा वास पार पडवीपर्यंत यायचा. पावसात जिथून ठिबकायचं, तिथूनच धूरही निघून जायचा. आता दादाने स्लॅब घातला, सरकत्या काचा बसवल्या, डास येतात म्हणून दाराखाली रबराची पट्टी लावली. त्या खोलीत हवेला यायला-जायला वाटच उरली नाही.

धूर थांबला, निखारे लाल झाले की आपण म्हणतो, आता शेगडी आत न्यायला हरकत नाही. चूक होते ती तिथेच. निखाऱ्यांतून धूर येत नसला तरी कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू येत राहतो, वर राख धरली तरी येतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. आपलं रक्त प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट त्याला धरून बसतं, मग प्राणवायूला जागाच मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. बाळंतिणीला झोप यायचीच, म्हणून कुणाला संशयही येत नाही. आणि तान्हं बाळ आपल्यापेक्षा भरभर श्वास घेतं, त्याला हा वायू आधी बाधतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या जानेवारीत आम्ही आधीच्या भाड्याच्या घरात होतो ना, तेव्हाची गोष्ट. तुला घोर लागेल म्हणून तेव्हा कळवलं नाही. इथे गॅसच्या बॉयलरमध्ये पाणी तापतं आणि नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरला जातं. जळलेला गॅस एका पाइपातून घराबाहेर सोडलेला असतो. दोन दिवस आम्हा दोघांचं डोकं ठणकत होतं. ताप नाही, सर्दी नाही. मी आपली सुंठीचा काढा करून देत होते. तिसऱ्या रात्री जिन्याजवळची, हाच वायू ओळखणारी तळहाताएवढी पांढरी डबी ओरडायला लागली. चार वेळा टी-टी, क्षणभर गप्प, पुन्हा चार वेळा. आधी वाटलं सेल संपला असेल. मग तिच्यावरचा लाल दिवा दिसला. खिडक्या उघडल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, पायात चपला, बाहेर पडलो. रस्त्यावर दव गोठून पांढरं झालं होतं. गॅसच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. माणूस आला, त्याने बॉयलर बंद केला. त्या पाइपाचा सांधा सुटला होता. घरमालकाने दरवर्षी तपासणी करून घ्यायची असा इथला कायदा आहे, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या खोलीत अशी डबी लावणंही मालकावर बंधनकारक आहे. डबी नसती तर सकाळी काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

शेक बंद कर असं मी म्हणत नाही. तुझ्या हातचं तेल आणि शेक मलाही आठवतो. शेगडी अंगणात पेटव, फडकी तिथेच गरम करून आत आण. ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापव. गरम पाण्याची पिशवी धाकटीच्या कमरेला दे, बाळाच्या अंथरुणात मात्र ठेवू नको. धुरी तर बाळाला नकोच, त्याची फुफ्फुसं अजून कोवळी आहेत. इथे तान्ह्या बाळाची खोली १६ ते २० अंश असावी असं सांगतात. आपल्या डिचोलीत डिसेंबरातही बंद खोलीत त्याहून गारठा क्वचितच असतो. टोपडं, दुपटं आणि तुझी मांडी एवढं त्याला पुष्कळ.

दादाने हीटर आणलाय म्हणे. त्याला सांग, २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो लहान ६ अँपिअरच्या प्लगला किंवा एक्स्टेंशनच्या वायरीला लावू नये, १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगलाच लावावा. पाळण्यापासून, मच्छरदाणीपासून तीन फूट तरी लांब, आणि सगळे झोपण्याआधी बंद. त्याच्यावर लंगोट वाळत घालायचे नाहीत.

खरी काळजी सव्वा महिन्यानंतरची आहे. धाकटी आंबोलीला सासरी जाईल ती ऐन थंडीत. तिथे रात्री दारं-खिडक्या लावून शेगडीपाशी बसतात आणि न्हाणीत गॅसचा गिझर आहे. विहीणबाईंशी तूच बोल, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. गिझर आणि सिलिंडर बाहेरच्या भिंतीवर घ्या म्हणावं. ते होईपर्यंत न्हाणीचं दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मगच आंघोळीला आत जायचं. बाळाची आंघोळ तर चुलीवरच्या पाण्याने.

साखळी गावचे एक काका नाताळला इथून गावी येताहेत, त्यांच्याबरोबर तशीच एक डबी पाठवतेय. सेलवर चालते. झोपायच्या खोलीजवळ लावा आणि आठवड्यातून एकदा बटण दाबून बघा. ओरडली तर आधी बाळ आणि सगळी माणसं बाहेर, मग १०८ ला फोन. ती डबी धाकटीच्या सामानात तू स्वतःच्या हाताने ठेव.

बाबांना नमस्कार, बाळाला गोड पापा. शेगडी बाहेर नेलीस की दादाला फोटो पाठवायला सांग, मी वाट बघतेय.

तुझी,
थोरली