माझा ब्लॉक मला परत द्या

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक, तसेच विंटेज विभागाचे प्रमुख

विषय : एमजीए १५०० या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा ब्लॉक बदलून दिल्याबद्दल आणि इंजिन नंबराची पट्टी हरवल्याबद्दल

महोदय,

काल दुपारी आपल्या कस्टमर केअरमधल्या गृहस्थांनी माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. यापुढे मी फोनवर काही बोलणार नाही. जे उत्तर असेल ते लेखी द्या, आणि ज्याला सही करायचा अधिकार आहे त्याने द्या.

मी आपल्याकडे दुरुस्तीला जो ब्लॉक दिला तो मला परत मिळालेला नाही. टेम्पोतून आला तो दुसराच ब्लॉक आहे. माझ्या ब्लॉकवर उजव्या बाजूला रिव्हेट केलेली नंबराची पट्टी होती, '१५जीबी'ने सुरू होणारी. ती आजपर्यंत आलेली नाही. 'पेंट वाळला की लावून पाठवतो', मग 'कुरिअर केलीय', मग 'स्टोअरमध्ये बघतो', आणि काल जे ऐकवलं ते पुढे लिहिलं आहे.

आपण ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज इंजिनांचं काम पिढ्यान्‌पिढ्या करता, तेव्हा तांत्रिक बाजू मी आपल्याला शिकवण्याची गरज नाही. पण फायलीत काय लिहिलं आहे ते कुणी वाचलेलं दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

गाडी मिरजेजवळच्या एका वाड्यात सापडली. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाच्या वर एमजीए बनल्या, त्यातल्या १५०० मॉडेलच्या गाड्या ५८,७५०. भारतात आलेल्यांतल्या किती रस्त्यावर आहेत हे आपल्या विंटेज विभागाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. बॉनेट उघडलं तर आत ॲम्बेसिडरचं डिझेल इंजिन. ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना म्हणून कुणीतरी ते ठोकून बसवलेलं. त्यासाठी बल्कहेडवरची (इंजिनामागच्या आडव्या भिंतीवरची) शेल्फ छिन्नीने कापली होती, माउंटिंगचे ब्रॅकेट रेल्वेच्या पट्टीतून केले होते आणि त्या वजनाने पुढचे स्प्रिंग बसले होते. मूळ ब्लॉक, क्रँक, हेड आणि गिअरबॉक्स मात्र त्या घरच्यांनी टाकून दिला नव्हता. न्हाणीघरामागच्या खोलीत, बारदानावर, ग्रीस फासून ठेवलेलं होतं सगळं. ब्लॉकवरची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसली आणि नंबर वाचला. आरसी बुकात तोच नंबर. डिझेल बसवणाऱ्याने आरटीओत कधी कळवलंच नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री गाडी अजून पेट्रोलवर आणि मूळ इंजिनावरच होती.

नंतर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून प्रमाणपत्र मागवलं. कारखान्याच्या नोंदवहीत त्या चॅसिसपुढे हाच इंजिन नंबर आहे. म्हणजे चॅसिस, इंजिन, आरसी आणि कारखान्याची वही, चारही जुळत होतं. डिझेल काढून मूळ इंजिन पुन्हा बसवायचं, एवढाच माझा इंजिन स्वॅप. त्यासाठी चॅसिस सरळ करून घेतली, प्लायवूडची फरशी नव्याने कापली, दीड इंची जुळे एसयू कार्बोरेटर शाफ्ट-बुशांसह नवे करून घेतले, छाटलेली शेल्फ जुन्या एमजीएच्या मापावरून पत्र्यात बनवून वेल्ड केली. उरलं होतं फक्त इंजिन. ते आपल्याकडे दिलं, कारण आपल्याइतकं नाव दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

आता पुरावा. आपल्याच कागदांवरून देतो.

एक. इंजिन घेताना आपल्या माणसाने बोअर गेज लावून मापं घेतली आणि जॉब कार्डावर स्वतः लिहिलं : सध्याचा बोअर ०.०३० ओव्हरसाइज (म्हणजे सिलिंडरचा व्यास मूळ मापापेक्षा ०.०३० इंच मोठा), ०.०४० ला करणे. बिलात ०.०४० च्या पिस्टनचे पैसे लावले आहेत. इंजिन बसवलं, सुरू केलं, थोडं चालवलं तर क्लच स्लिप व्हायला लागला, तेल बेलहाउसिंगमधून, म्हणजे क्लचवरच्या आवरणातून, धारेने. कॉम्प्रेशनही चारही सिलिंडरला वेगवेगळं. म्हणून हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्यावर ०२० कोरलेलं आहे, म्हणजे ०.०२० चा पिस्टन. फोटो सोबत जोडला आहे. बोअर करत गेला की मोठा होतो, लहान होत नाही, हे मी आपल्याला सांगावं का? आत लाइनरची नळी टाकून लहान केला म्हणावं तर बिलात लाइनरचा एक रुपया नाही, आणि सिलिंडरच्या काठाला लाइनरची कडही दिसत नाही. तीस ओव्हरसाइजचा ब्लॉक वीसचा होऊन परत येऊ शकत नाही. तो ब्लॉक माझा नाही.

दोन. माझ्या ब्लॉकला मागच्या वेल्च प्लगशेजारी (ब्लॉकचं भोक बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोपीशेजारी) ब्रेझिंगचा जुना टाका होता, करंगळीएवढा, पितळी रंगाचा, एका टोकाला थेंब गोठल्यासारखा फुगीर. जॉब कार्डावर 'जुनी दुरुस्ती, प्रेशर टेस्ट करणे' अशी नोंद आहे. आलेल्या ब्लॉकवर त्या जागचा पेंट मी पॉलिश पेपरने खरवडला. खाली सलग ओतीव लोखंड आहे. टाका नाही, खूण नाही, काहीच नाही.

तीन. नंबराची पट्टी. जॉब कार्डावर आपल्याच माणसाच्या अक्षरात आहे : 'नंबर पट्टी काढून जपून ठेवणे.' ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत टाकण्याआधी ती काढली असेल तर कुठल्या तरी डबीत असायला हवी. काढलीच नसेल तर तसं सांगा.

तेलाबद्दल आपल्या फिटरचं म्हणणं, 'बीएमसी इंजिन गळतंच.' या इंजिनाला मागे सील नसून तेल परत फेकणारा स्क्रोल आहे, त्यामुळे उभ्या गाडीखाली दोन थेंब पडतात हे मला मान्य आहे. दोन थेंबांची तक्रार मी केलीच नव्हती. दुसऱ्याच्या ब्लॉकमध्ये माझा क्रँक बसवून टनेलची (क्रँक ज्या भोकांत फिरतो त्यांची) बोअरिंग हलवली, तर स्क्रोलभोवतीचं अंतर बिघडणार आणि तेल धारेने येणार. हे आपल्या मशीन शॉपमधला कोणीही सांगेल.

आता कालचा फोन. हा मी सविस्तर लिहितो, कारण संचालकांनी तो शब्दन्‌शब्द वाचावा अशी माझी इच्छा आहे.

मी पिस्टनचं सांगितलं, ब्रेझिंगचं सांगितलं. पलीकडून सगळं ऐकून घेतल्यावर उत्तर आलं, "सर, तुमची एमजी आणि ॲम्बेसिडर, इंजिन एकच. १४८९ सीसी. ब्लॉक हा असला काय, तो असला काय, फरक काय पडतो?"

मी म्हटलं, फरक पडत नसेल तर माझा मला देऊन टाका.

"तुमचा म्हणजे कुठला? इथे असले ब्लॉक पन्नास पडलेत."

मी म्हटलं, ज्यावर माझी पट्टी होती तो.

त्यावर ते गृहस्थ हसले. खोटं लिहीत नाही, हसले. मग म्हणाले, "सर, तुम्हाला गाडी चालवायचीय की नंबर वाचायचाय?"

मी गप्प राहिलो. मला वाटलं, पुढे काहीतरी तोडगा सांगतील. सांगितला. "कुठला नंबर पाहिजे तेवढा व्हॉट्सॲप करा. नवीन पट्टी बनवून पंच मारून देतो. आमचा माणूस एक नंबर काम करतो, आरटीओवाल्याला पण कळणार नाही."

मी विचारलं, हे कंपनीचं अधिकृत उत्तर आहे का? तेव्हा 'सर' गेलं आणि 'काका' आलं. "काका, या वयात कशाला एवढं टेन्शन घेता? गाडी सुरू झाली ना? फिरवा, एन्जॉय करा." आणि फोन बंद.

मी आपला काका नाही. मी आपला ग्राहक आहे, पूर्ण बिल आगाऊ भरलेला. माझ्या वयाचा या व्यवहाराशी काय संबंध आहे? माझा माल मागितला तर वय कसं आडवं येतं?

आणि 'इंजिन एकच' हे जे मला ऐकवलं, त्यातलं खरं काय ते मलाही माहीत आहे. दोन्ही बीएमसीची बी-सिरीज, बोअर-स्ट्रोक तेच, ७३.०२५ आणि ८८.९ मिलिमीटर. म्हणूनच तर अदलाबदल करणं एवढं सोपं आहे आणि म्हणूनच पट्टीला एवढं महत्त्व आहे. एका आईचे दोन सख्खे भाऊ असले म्हणून एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याची सही चालते का? ८.३ ला १ कॉम्प्रेशनवर, दोन एसयू लावून ७२ अश्वशक्ती देणारं इंजिन म्हणून जो ब्लॉक ॲबिंग्डनच्या त्या चॅसिसवर बसला, तो ब्लॉक मला हवा आहे. टॅक्सीच्या भंगारातला ब्लॉक कितीही चांगला असला तरी तो त्या गाडीतून कधी धावलेला नाही.

यात माझं नुकसान नुसतं मनाचं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये २०२१ साली विंटेज वाहनांची तरतूद आली. ५० वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी अट आहे. माझी गाडी त्या अटीत बसावी म्हणून मी डिझेल काढलं. आज त्या गाडीसाठी माझ्याकडे आहे तो नंबर नसलेला ब्लॉक. तपासणीला नेली तर अधिकारी पहिली गोष्ट विचारील ती इंजिन नंबर, आणि मी दाखवू काय? आपल्या माणसाने पंच मारून दिलेली पट्टी? ती लावून मी सही करायची आणि उद्या पोलिसांना उत्तर मी द्यायचं? इंजिन नंबराशी खेळ हे चोरीच्या गाड्यांचं काम आहे. ते आपल्या कस्टमर केअरने सेवा म्हणून, फुकटात, रेकॉर्ड होणाऱ्या फोनवर देऊ केलं. सुरुवातीला आपलंच यंत्र सांगतं की संभाषण रेकॉर्ड होत आहे. ते रेकॉर्डिंग पुसू नका. मी ते ग्राहक आयोगापुढे मागवून घेणार आहे.

खरं सांगायचं तर राग कमी आणि वाईट जास्त वाटतंय. माझ्या वडिलांच्या फियाटचा क्रँक आपल्याकडेच ग्राइंड झाला होता. तेव्हाचे मोठे साहेब स्वतः मायक्रोमीटर लावून आकडा सांगत, आणि काढलेली जुनी बेअरिंग कागदात गुंडाळून, वर गाडीचा नंबर लिहून हातात देत. झिजलेली, टाकाऊ बेअरिंग. ती सुद्धा गिऱ्हाइकाची म्हणून परत. त्याच कंपनीने आज माझा अख्खा ब्लॉक गहाळ केला आणि वर विचारते, तुमचा म्हणजे कुठला?

माझ्या मागण्या अशा. माझा मूळ ब्लॉक शोधून काढा. आपल्या आवारात असेल तर तो मला स्वतःला येऊन बघू द्या; ब्रेझिंगचा टाका मी डोळे झाकून बोटाने ओळखेन. दुसऱ्या कुणाच्या गाडीत गेला असेल तर कुणाच्या ते लेखी कळवा आणि बदलून आणा, खर्च आपला. नंबराची मूळ पट्टी द्या. नवी नको, पंच मारलेली नको, मूळ. ती सापडत नसेल तर ती आपल्या ताब्यात असताना हरवली असं कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी द्या, म्हणजे मला निदान आरटीओत खरं सांगता येईल. घेतलेली सगळी रक्कम परत करा. आणि ज्यांनी मला पंच मारून द्यायचा सल्ला दिला त्यांच्याकडून लेखी माफी.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे आपल्या शहरात हेलपाटे घालायला लावून मला दमवता येईल असा हिशेब कुणी करू नये. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. विश्वासाने दिलेला ब्लॉक परत न करणं आणि खोटी पट्टी बनवून देऊ करणं याची वेगळी तक्रार पोलिसांत होईल. जुन्या गाड्यांच्या मंडळींमध्ये मी अजून कुठे एक शब्द बोललेलो नाही, कारण आपलं नाव माझ्या तोंडून खराब व्हावं असं मला कालपर्यंत वाटत नव्हतं.

सोबत : जॉब कार्डाची प्रत, बिल, पिस्टनचा आणि वेल्च प्लगच्या जागेचा फोटो, इंजिन देण्याआधी काढलेला पट्टीचा फोटो, गेडनच्या प्रमाणपत्राची प्रत.

आपला,
ग्राहक (नाव, पत्ता आणि फोन जॉब कार्डावर आहे)

ता. क. आलेला ब्लॉक मी काढून ठेवला आहे, पण मी तो परत पाठवणार नाही. तो आपल्या माणसाने येऊन, माझ्यासमोर पंचनामा करून न्यायचा. कदाचित माझ्यासारखाच आणखी कुणी त्याची वाट बघत असेल, आणि त्यालाही 'इंजिन एकच' असं सांगून पाठवलं असेल.