हरिहरेश्वराला जाताना तिथी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की चांदणी चौकातून ताम्हिणीकडे गाड्यांची रांग लागते. त्यांतल्या बऱ्याच माणगाव-म्हसळामार्गे हरिहरेश्वरला उतरतात. खोली कुठे, मासे कुठे चांगले, सगळे ठरलेले असते. बघायचे राहते ते घरातल्या भिंतीवरचे कॅलेंडर, आणि समुद्राचे वेळापत्रक नेमके तिथे असते.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष कोणताही असो. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा, अष्टमी-नवमीला जरा जास्तच.

काळभैरवाच्या देवळामागून पायऱ्या उतरून जी प्रदक्षिणा होते, ती याच हिशोबावर चालते. खाली लाटांनी कापून काढलेला खडकाचा ओटा आहे. कड्याला मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. खारे पाणी खडकात वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडक कणाकणाने सुटतो. पाहण्यासारखी जागा, पण भरतीत हा ओटा लाटांखाली जातो आणि एका बाजूला कडा असल्याने पळायला वाट नसते. आता पुण्याहून सकाळी सहाला निघालेली गाडी वाटेतला नाश्ता धरून पोचते बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरतीही त्याच सुमारास, तीसुद्धा उधाणाची. दर्शन झाले की लगेच प्रदक्षिणा, हा क्रम त्या दिवशी जीवावर बेतू शकतो.

ओहोटीच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी फिरायच्या आत वर यावे. चतुर्थीला म्हणजे सकाळी आठला उतरून नऊपर्यंत बाहेर. हिरवे शेवाळ दिसले की पाय टाकू नये, गुळगुळीत तळाच्या चपला तर नकोतच. सेल्फीसाठी समुद्राकडे पाठ करणाऱ्यांना काय सांगावे? पावसाळ्यात तिथी कोणतीही असो, प्रदक्षिणा विसरावी.

पुळणीवर गाडी नेणाऱ्यांचेही तेच. ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट वाटते. पाणी चढू लागले की तीच सैल होते. चाक रुतल्यावर अॅक्सिलरेटर दाबला की खड्डा खोल होतो, गाडी पोटावर बसते आणि मग ट्रॅक्टर येईपर्यंत समुद्र थांबत नाही.

बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरून वेळासकडे जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवावी. ती चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.

एक मागणी. ‘धोका’ एवढेच लिहिलेली पाटी कोणी वाचत नाही. प्रदक्षिणेच्या पायऱ्यांपाशी काळा फळा लावून त्यावर रोज सकाळी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहाव्यात. खर्च खडूचा.

— एक वाचक, कोथरूड, पुणे