‘लाइफटाइम’ ऑइलवर विसंबू नका

महोदय,

सेकंडहँड जर्मन गाडी म्हणजे दारात बांधलेला पांढरा हत्ती, असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. सप्टेंबर २०१३ मध्ये भारतात आलेल्या बीएमडब्ल्यू वन सिरीजपुरते तरी ते अर्धेच खरे आहे. हत्ती बहुतेक वेळा आधीच्या माहुताने उपाशी ठेवलेला असतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधने आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात निघतात आणि त्यांत या वन सिरीजची डिझेल ११८डीही सापडते. घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी लिहितो.

या हॅचबॅकची गंमत तिच्या मांडणीत आहे. इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले, ताकद मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना काम एवढेच की वळायचे. ताम्हिणीत वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दाबला तरी स्टिअरिंग हाताला हिसका देत नाही, मागून कोणी हलकेच ढकलावे तशी गाडी बाहेर पडते. १४३ अश्वशक्ती ऐकायला फार वाटत नाही, पण ३२० न्यूटन-मीटर टॉर्क पावणेदोन हजार आरपीएमलाच हाताशी येतो; घाटात एवढे पुरते. या मांडणीची किंमत मागच्या सीटवाल्यांना मोजावी लागते. ताकद मागे नेणाऱ्या दांड्यासाठी मधून उंच बोगदा गेलेला. मधल्या माणसाने पाय कुठे ठेवायचे, हे म्युनिकवाल्यांनी ठरवलेलेच दिसत नाही. २०१९ मध्ये आलेली पुढची पिढी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे ही मजा आता जुन्या बाजारातच मिळायची.

गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा, आठ गिअरचा. माझ्या मते गाडीतला सर्वांत भरवशाचा भाग हाच आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही याच्याकडेच होते. गाडीची कंपनी त्यातले ऑइल ‘लाइफटाइम’ म्हणते, म्हणजे कधी बदलायलाच नको. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. कोणाचे ऐकायचे हे उघड आहे. खालचे पॅन प्लॅस्टिकचे आणि फिल्टर त्याच्यातच बसवलेला, म्हणजे फिल्टर बदलायचा तर पॅनच बदलावे लागते. पातळी बघायला डिपस्टिक नाही. गाडी समतल लिफ्टवर, इंजिन चालू, प्रत्येक गिअर काही सेकंद टाकून पाहायचा. ऑइलचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना बुचातून जादा ऑइल वाहू द्यायचे आणि धार तुटून थेंब पडू लागले की बूच आवळायचे. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर तापमान न पाहता ‘अंदाजाने’ भरणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नये. डीमधून (पुढे) आरमध्ये (रिव्हर्स) टाकताना धक्का बसतो का, ते चाचणीतच बघा.

इंजिनाची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी, मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती बदलायची म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणे आलेच. बीएमडब्ल्यूच्या या एन४७ नावाच्या डिझेल कुळातल्या २००७ ते २०११ च्या इंजिनांत चेनच्या तक्रारी जास्त होत्या, तरी नंतरच्या गाडीचाही आवाज ऐकूनच व्यवहार करावा. विकणाऱ्याला आधी गाडी चालू करू देऊ नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताच केबिनच्या बाजूने पत्रा घासल्यासारखा आवाज आला तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा. डॅशबोर्डवरचा सर्व्हिसचा आकडा शून्यावर येण्याची वाट न पाहता बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-०४ दर्जाचे इंजिन ऑइल दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलावे.

कूलंट कमी होतोय पण खाली थेंब नाही, असे असेल तर संशय ईजीआर कूलरवर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागावर. त्यातून गळणारा कूलंट काजळीत मिसळून पेट घेऊ शकतो. याच कारणासाठी २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. चासी नंबर देऊन आपल्या गाडीचे काही काम बाकी आहे का, ते अधिकृत केंद्रात विचारता येते. हायवेवर वीस मिनिटे चालवूनही स्कॅनरवर कूलंट ७०-७५ अंशांवर घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणारी झडप, उघडा अडकला आहे. खर्च लहान, पण हा बिघाड मायलेज खातो.

ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरले की डिस्क बदलायची घाई होते. त्याआधी पुढच्या खालच्या आर्मचे, आत द्रव भरलेले रबरी बुश तपासा. फाटून गळले असतील तर नव्या डिस्कनेही थरथर जात नाही. रनफ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही ताशी ८० च्या वेगाने सुमारे ८० किलोमीटर नेतात, पण त्यांच्या कडा ताठ असतात आणि खड्ड्याचा मार रिमला बसतो. स्पेअर चाक नाही. साधे टायर घालायचे तर चारही घाला, डिकीत पंप आणि पंक्चर किट ठेवा. बॅटरी एजीएमच (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली) हवी आणि बदलल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद हवी. नाहीतर तो थकलेल्या जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्जिंग करत राहतो. सुट्या भागांची मात्र फार चिंता नको, बरेचसे त्या काळच्या थ्री सिरीजशी जुळतात.

परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथे बारा महिन्यांच्या आत नवा क्रमांक घ्यावा लागतो, कर वेगळा भरावा लागतो आणि डिझेलला तो पेट्रोलपेक्षा चढ्या दराने आहे. शिवाय पंधरा वर्षे मूळ नोंदणीपासून मोजतात, इकडे आल्यापासून नाही. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पुन्हा नोंदणीला आणि पर्यावरण कराला उभी राहणार, हे धरूनच भाव करावा.

– एक वाचक, पुणे