रविवारची बैठक : घरातल्या भंगारातून गंजकं गोदाम

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ते १, विश्रामबागला नेहमीच्या गच्चीवर जमायचंय. हळदीच्या जुन्या गोदामाचा छोटा देखावा (मॉडेल) पुरा करू. प्रमाण १:३५, म्हणजे प्रत्येक वस्तू खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. विकतचं सामान आणू नका.

सोबत आणा:
- गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा वर्ख. बारीक दातांच्या कंगव्यावर ठेवून काडीने दाबला की झाला पन्हळी पत्रा.
- पोत्यांसाठी जुना बनियन. खरं पोतं ९० सेंमी धरलं तर आपलं अडीच सेंमी. मागच्या वेळी काहींची पोती गोदामाच्या दारातून आत जाईनात!
- वापरलेल्या टी-बॅग, धुऊन वाळवलेल्या. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवल्या की ताडपत्री.
- विटेची भुकटी, फडक्यातून चाळून.

गंजासाठी साधे लोखंडी खिळे आजच व्हिनेगरमध्ये टाकून ठेवा. स्टीलची घासणी नको, ती गंजत नाही. माझा अख्खा आठवडा त्यात गेला. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन साठतो.

वीट घासताना मास्क लावायचाच. कटर लहान मुलांच्या हाती नको. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा. चहा माझ्याकडे, भडंग तुमच्याकडून.