दर्या, दऱ्या आणि एक बिट

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुमे,

तुझा फोन ठेवल्यापासून तोच प्रश्न डोक्यात घोळतोय. मराठीबरोबर आता संगणकाचा तासही तुझ्याकडे आला, आणि सातवीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, कॉम्प्युटरला मराठी कळतं का?" मी म्हटलं, त्याला फक्त शून्य आणि एक कळतं. ते उत्तर फार अपुरं होतं गं, म्हणून हे पत्र.

आपल्या मराठीच्या बाई आठवतात? सह्याद्रीवरच्या निबंधात कुणीतरी 'खोल दर्या' लिहिलं होतं, तेव्हा त्यांनी विचारलं, "घाटावर समुद्र कुठून आणलास?" मग फळ्यावर दोन शब्द लिहिले. दर्या आणि दऱ्या. एकात य च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात य ला डावीकडून टेकलेला अर्धा र. तेच शब्द घेऊ.

मजकूर साठवताना संगणक अक्षराचं चित्र ठेवत नाही, त्याचा क्रमांक ठेवतो. जगभरच्या लिप्यांचा हजेरीपट म्हणजे युनिकोड. त्यात र चा क्रमांक २३५२ आणि त्याला लागूनच २३५३ वर ऱ. (हा ऱ द्राविडी भाषांतला वेगळा र लिहिता यावा म्हणून आहे, त्याचा पाय मोडला की आपला अर्धा र मिळतो. मला हा शेजार फार आवडतो.) 'दर्या' म्हणजे द, र, पायमोडकं, य, काना असे पाच क्रमांक. 'दऱ्या'तही पाचच, फक्त र च्या जागी ऱ.

हे क्रमांक शून्य-एकात लिहायची आज सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे युटीएफ-८. असं एक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट. तीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणजे आठ बिट पुरतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे आपला शब्द १५ बाइटांचा, १२० बिटांचा. र चा शेवटचा बाइट १०११००००, ऱ चा १०११०००१. उरलेले ११९ बिट अगदी तेच. समुद्र आणि दरी यांच्यात एका बिटाचं अंतर!

इतकी वर्षं नेटवर्कचं काम करतेय, पण हे मोजलं तेव्हा अंगावर काटा आला. कारण तो बिट तुझ्यापर्यंत धड पोचवणं हेच तर आमचं काम.

लांबलचक मजकूर नेटवर्कवरून एकसंध जात नाही. त्याची पाकिटं करतात. नेहमीच्या इथरनेटवर, म्हणजे तारेनं जोडलेल्या नेटवर्कवर, एका खेपेला १५०० बाइट मावतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. १९२.१६८.१.५ असे चार आकडे पाहिले असशील, तेही बिटच. प्रत्येक आकड्याला आठ बिट असतात, आणि आठ बिटांत ० ते २५५ एवढंच लिहिता येतं, म्हणून कुठलाच आकडा २५५ च्या पुढे जात नाही. वाटेतले राउटर पत्ता वाचून पाकीट पुढे ढकलतात. पाकिटं मागेपुढे पोचली तरी त्यांवरच्या क्रमानं ती पुन्हा लावली जातात.

आणि वाटेत तोच बिट उलटला तर? प्रत्येक खेपेच्या शेवटी सगळ्या बिटांवरून काढलेला ३२ बिटांचा एक ताळा जोडलेला असतो. पलीकडचं यंत्र तोच हिशेब पुन्हा करतं. एक बिट जरी बदलला असेल तरी ताळा जुळत नाही, आणि ती खेप तिथेच टाकून दिली जाते. पाठवणाऱ्याला कुणी कळवत नाही! पण 'मिळालं' ही पोच त्याच्याकडे येत नाही, म्हणून थोडं थांबून तो तेवढंच पाकीट पुन्हा पाठवतो. न आलेल्या पोचेवर उभी असलेली ही व्यवस्था मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते.

वर्गात करून बघ. चिठ्ठीवर आठ बिट लिहायचे आणि शेवटी त्यांत '१' किती आहेत ते मोजून 'सम' की 'विषम' ते लिहायचं. र च्या शेवटच्या बाइटात तीन एक, म्हणजे विषम. ऱ च्या बाइटात चार, म्हणजे सम. चिठ्ठी बाकांवरून पुढे जाताना एकानं गुपचूप एक बिट बदलायचा, शेवटच्या बाकानं चोरी पकडायची. दोन बिट बदलले तर मात्र हा साधा ताळा फसतो. ते तू सांगू नकोस, मुलांनाच सापडू दे.

ती सातवीतली मुलगी पुढे काय विचारते, ते लगेच कळव.

तुझी,
मंजू