शाळिग्रामांचं नाव का गाळलं?

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला पोवाड्यांवरचा लेख काल वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लेख तसा मेहनतीने लिहिलाय, अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा आलाय, तुळशीदासाचा सिंहगडचा आलाय, त्याबद्दल आभारच. पण पोवाडे जमवले कुणी, तर म्हणे ॲक्वर्थ या इंग्रज साहेबांनी, आणि शंकर तुकाराम शाळिग्राम हे नाव पूर्ण पानभर लेखात एकदाही नाही! अहो, १८९१ सालचं 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हे पुस्तक दोघांच्या नावावर आहे, पुस्तक नुसतं उघडलं असतं तरी दिसलं असतं.

ॲक्वर्थबद्दल माझं वाकडं काहीच नाही. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर राहिलेल्या या माणसाने गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे गोळा करण्यात जीव घातला, १८९४ ला त्यातल्या काहींचं इंग्रजी भाषांतर काढलं, ते श्रेय त्याचंच, वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयालाही त्याचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पण शाळिग्राम म्हणजे काय साहेबाच्या हाताखालचे कारकून होते का? १८७८ ला पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू झालं त्यात काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या बरोबरीने हे होते, पुढे राम जोशी आणि होनाजी बाळाच्या लावण्या पुस्तकरूपाने आणल्या त्याही यांनीच. ज्या काळात लावणी म्हटलं की शिकलेली मंडळी नाक मुरडायची त्या काळात हे काम केलंय त्यांनी!

मला हे एवढं का लागतं ते सांगतो. माझे वडील डफावर पोवाडे म्हणायचे, आम्ही पोरं मागे झील धरायचो. ते गेल्यावर हा संग्रह शोधायला आमच्या शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेलो, शाळिग्रामांचं पुस्तक हवंय म्हटलं तर काउंटरवरचे गृहस्थ रजिस्टर चाळून म्हणाले, असा लेखकच नाही आमच्याकडे. नंतर कळलं की पुस्तक तिथेच होतं, फक्त नोंद एकट्या ॲक्वर्थच्या नावावर! वडिलांना जे पाठ होतं ते ज्याने छापून ठेवलं त्या माणसाचं नाव असं रजिस्टरमधून गायब, आणि आता तुमच्यासारख्या मोठ्या पेपरमधूनही गायब. उद्या कॉलेजची पोरं तुमचाच लेख वाचून प्रोजेक्ट करणार, त्यांना शाळिग्राम कळणार कुठून?

पुढच्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापा, कोपऱ्यात बारीक टाइपात नको.

आणि अजून एक, लेखात जो पोवाड्याचा उतारा दिलाय तो बातमीसारखा सलग छापलाय, चौक, म्हणजे पोवाड्याचं कडवं, कुठे संपला काही कळत नाही. मी म्हणून बघितला, दुसऱ्याच ओळीत श्वास अडकला. जागा कमी असेल तर ती वरची तलवारीची मोठी फोटो लहान करा, पण ओळी तोडून छापा.

– तुमचा जुना वाचक, सातारा